उंदराच्या स्तनग्रंथीचं झाड: स्लाइड कशी करायची, हार्मोनची अक्षरं कशी वाचायची

कास भरणं वेगळं आणि पान्हा सोडणं वेगळं, हे मी प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकले नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यामागे एका गवळ्याचा गोठा होता. आजी सकाळी भांडं घेऊन जायची आणि कधी कधी रिकामं घेऊन परत यायची. "कास तट्ट भरलीय, पण पान्हवत नाही मेली. वासरू पुढे केलं तरच सोडेल." एम.एस्सी.ला प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन आले तेव्हा माझं काम सोपं झालं. भरणारं ते पहिलं, सोडायला लावणारं ते दुसरं. आणि वासरू मोठं झाल्यावर गाय आटते, त्याचीही जनुकं आहेत. तिथवर आपण शेवटी पोचू.

हा लेख उंदराच्या स्तनग्रंथीवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी आहे. पुस्तकात हार्मोन आणि त्यांच्या कामांचं एक कोष्टक असतं. ते पाठ करून परीक्षा निघते, पण ग्रंथी समजत नाही. माझं म्हणणं असं, की सहा वयांच्या सहा स्लाइड करा, ओळीने मांडा आणि आधी डोळ्यांनी वाचा. कोणत्या हार्मोनने कुठे हात फिरवलाय ते दिसायला लागतं. जनुकं त्यानंतर.

आधी कागद

तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हातात असल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. संस्था सी.सी.एस.ई.ए. या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे नोंदलेली हवी, फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरलेला हवा, आणि प्राणी शांतपणे मारण्याचं काम प्रशिक्षित माणसानेच करायचं. नवख्यांना मी एकच सल्ला देते: वेगळे उंदीर मागू नका. शेजारच्या प्रयोगशाळेत यकृतासाठी किंवा मेंदूसाठी मंजूर झालेल्या माद्या असतात, त्यांच्या ग्रंथी वाया जातात. तेवढ्या मागून घ्या आणि समितीला तसं लिहून कळवा.

दुसरा कागद खास आपल्या गावचा. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे ॲब्सोल्यूट अल्कोहोलला प्रयोगशाळेलाही परवाना लागतो आणि वापराची नोंद ठेवावी लागते. या कामात अल्कोहोल पाण्यासारखं जातं. पहिल्या वर्षी मी साठा न बघताच माद्यांचं वेळापत्रक आखलं. माद्या गाभण झाल्या, दिवस भरत आले आणि बाटलीत दोन बोटं अल्कोहोल. चूक माझीच होती. आधी बाटली बघा, मग नर-मादी एकत्र सोडा.

सहा माद्या

पहिली तीन आठवड्यांची, दुसरी पाच ते सहा आठवड्यांची, तिसरी दहा ते बारा आठवड्यांची न व्यालेली. चौथी गाभण, साधारण तेराव्या-चौदाव्या दिवसाची. पाचवी व्यायल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसातली. सहावी अशी, की जिची पिल्लं भर दुधात असताना काढून तीन-चार दिवस झालेत. गाभणपणाचे दिवस मोजायला सकाळी योनीमार्गात घट्ट पांढरा प्लग, म्हणजे समागमानंतर गोठलेल्या वीर्याचं बूच, दिसतो का ते बघा. दिसला तो अर्धा दिवस धरायचा. उंदरी १९ ते २१ दिवसांत विते, म्हणून एका दिवसाची चूक इथे फार महाग पडते.

तिसऱ्या मादीबाबत लोक आळस करतात. उंदरीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि ग्रंथी त्याबरोबर थोडी फुलते, थोडी मिटते. त्यामुळे "बारा आठवड्यांची" एवढं लिहून भागत नाही, चक्राचा टप्पाही लिहायला हवा. पिपेटच्या टोकाने थोडंसं निर्जंतुक सलाइन योनीच्या तोंडाशी आत-बाहेर करा, थेंब काचेवर वाळवा, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट ठेवून धुवा. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशींचे झुबके म्हणजे प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या, चुरमुऱ्यासारख्या पेशी म्हणजे इस्ट्रस, माजाची वेळ. त्यांच्यात पांढऱ्या पेशी मिसळायला लागल्या की मेटिस्ट्रस, आणि जवळजवळ सगळ्याच बारीक पांढऱ्या पेशी असल्या की डायइस्ट्रस. एकच स्मिअर बघून ठरवू नका, सलग दोन चक्रं बघा. एकत्र ठेवलेल्या माद्या आठवडाभर डायइस्ट्रसमध्येच अडकलेल्या दिसल्या तर घाबरू नका. नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा त्यांच्यात टाका. वासानेच चक्र सुरू होतं आणि बऱ्याच जणी तिसऱ्या दिवसाच्या आसपास एकदम इस्ट्रसमध्ये येतात.

चौथी ग्रंथी

उंदरीला स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात: तीन छातीशी, दोन पोटाकडे. आपल्याला हवी चौथी. ती मोठी आणि चपटी असते, आणि तिच्यात एक लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असते, ती आपला मैलाचा दगड.

मेलेल्या मादीला थर्माकोलवर उताणी टाचा. पोटाच्या मध्यावरून फक्त कातडी कापत वर जा, खाली मांड्यांकडे दोन तिरके छेद द्या. पोटाचा पडदा फुटता कामा नये. कातडी बाजूला उलटवली की ग्रंथी कातडीलाच चिकटून येते. पांढरट चरबीची चपटी गादी दिसते आणि तिच्यात तीन रक्तवाहिन्या जिथे भेटतात तिथे मसुराच्या दाण्याएवढी लसिकाग्रंथी. बोथट चिमट्याने कातडीपासून सोडवत, न ताणता, गादी काचेच्या स्लाइडवर ठेवा आणि मूळच्या आकारात पसरा. पाच-सात मिनिटं वाळू द्या, म्हणजे ती काचेला धरून राहते. बडोद्याच्या मे महिन्यात दोन मिनिटं पुरतात. जास्त वाळली तर तडे जातात. दुसऱ्या बाजूची चौथी ग्रंथी टाकू नका, तिचं काम पुढे आहे.

नाव लिहायचं ते पेन्सिलने, स्लाइडच्या खरखरीत टोकावर, आणि स्तनाग्राची बाजू कोणती तेही. मी एकदा "पर्मनंट" मार्करने लिहिलं. क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलपुढे पर्मनंट काही नसतं. सकाळी बरणी उघडली तर सहा कोऱ्या स्लाइड आणि तळाशी निळसर पाणी. तीन आठवड्यांची आणि दुधावरची ओळखू आली. मधल्यांचं काय करायचं यावर अर्धा दिवस वाद घातला आणि शेवटी सगळ्या फेकल्या.

रंग

कार्नॉय द्रावण: अल्कोहोल सहा भाग, क्लोरोफॉर्म तीन, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड एक. ताजं करा, फ्यूम हूडमध्येच करा. प्लास्टिकच्या पेट्री डिश चालणार नाहीत, क्लोरोफॉर्ममध्ये त्या विरघळतात; काचेच्या कॉप्लिन बरण्या घ्या. कोवळ्या ग्रंथीला दोन ते चार तास, गाभण किंवा दुधावरच्या ग्रंथीला रात्रभर. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये पंधरा मिनिटं, आणि हळूहळू पाणी वाढवत ऊर्ध्वपातित पाण्यापर्यंत यायचं.

रंग कारमाइन ॲलमचा. ॲलम म्हणजे आपली तुरटीच, मात्र न्हाव्याकडची नको, प्रयोगशाळेच्या दर्जाची घ्या. कारमाइन निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून येतं. शुद्ध शाकाहारी विद्यार्थ्यांना हे मी स्लाइड झाल्यावर सांगते. १ ग्रॅम कारमाइन, २.५ ग्रॅम तुरटी, ५०० मिलिलिटर पाणी. वीस मिनिटं उकळा, आटलेलं पाणी भरून काढा, गाळा, थायमॉलचा एक खडा टाकून फ्रिजमध्ये ठेवा. स्लाइड यात रात्रभर.

सकाळी ७०, ९५, १०० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी पंधरा मिनिटं. जाड ग्रंथीला दुप्पट. मग झायलीन. चरबी पारदर्शक होत जाते आणि तिच्या आतून लाल झाड वर येतं. हा क्षण दरवेळी बघावासा वाटतो. पावसाळ्यात एक त्रास होतो: बरणी उघडी राहिली की १०० टक्के अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी झायलीनमध्ये जातं आणि झायलीन दुधाळ होतं. स्लाइडवर पांढरं धुकं दिसलं तर पुढे रेटू नका, नव्या अल्कोहोलमध्ये मागे जा. २०१९च्या जुलैअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझ्या स्लाइड तीन दिवस झायलीनमध्येच अडकल्या. मगरी रस्त्यावर आल्या होत्या, प्रयोगशाळेत कोण जाणार? त्या स्लाइडांइतकी स्वच्छ चरबी मला पुन्हा मिळालेली नाही. शेवटी डी.पी.एक्स. (काच चिकटवायचा पारदर्शक चीक) घालून कव्हरस्लिप लावा आणि आडव्या ठेवून वाळवा.

वाचन

पहिली स्लाइड, तीन आठवडे. स्तनाग्रापासून निघालेलं छोटंसं, काडीकाडीचं झुडूप लसिकाग्रंथीच्या अलीकडेच थांबलेलं असतं. पलीकडे नुसती चरबी. हे झुडूप अंडाशयाने घडवलेलं नाही. ते गर्भातलं आहे: साडेदहाव्या-अकराव्या दिवशी दुधाची रेघ, मग पाच जोड्या कळ्या, जन्माआधी थोड्या फांद्या. इथे विंट संदेश, एफ.जी.एफ.-१०, टीबीएक्स-३ आणि पीटीएचआरपी हे वाढीला दिशा देणारे रेणू काम करतात. पीटीएचआरपी नसलेल्या गर्भात कळी पुढे वाढतच नाही. नर गर्भात कळीभोवतीची ऊती टेस्टोस्टेरॉनचं ऐकते आणि कळीला देठापासून तोडते, म्हणून नर उंदराला स्तनाग्रंच नसतात. इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर (हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) जनुकासकट काढून टाकलेली मादी १९९३ मध्ये तयार झाली. तिच्यात हे जन्मजात झुडूप असतं, पण ते तिथेच थिजतं.

दुसरी स्लाइड सगळ्यात बोलकी, तिच्यावर वेळ घालवा. फांद्यांच्या टोकांना काडेपेटीच्या काडीसारखं गूल आलेलं दिसेल. ही टर्मिनल एंड बड. रुंदी ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तरच मोजायची. बाहेरचा एक थर कॅप पेशींचा, आत बॉडी पेशींचा गोळा. गोळ्याच्या मधल्या पेशी मरतात म्हणून मागे पोकळ नळी राहते. लसिकाग्रंथीच्या मध्यापासून सगळ्यात पुढच्या गुलापर्यंतचं अंतर मोजा. स्केल ठेवून फोटो काढा आणि इमेज-जे या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा, नजरेचा भरवसा नको. अंडाशय काढलेल्या मादीत गुलं नाहीशी होतात, इस्ट्रोजेन दिलं की परत येतात. इथवर कोष्टकही बरोबर आहे.

पण इस्ट्रोजेनचे रिसेप्टर रंगवले आणि त्याच काचेवर विभागणाऱ्या पेशी रंगवल्या तर दोन्ही खुणा एकाच पेशीवर क्वचितच सापडतात. म्हणजे ज्याच्या दारी पत्र पडतं तो कामाला जात नाही, तो शेजारच्याला हाक मारतो. २००६ मध्ये हे फार सुंदर दाखवलं गेलं. अल्फा रिसेप्टर नसलेल्या पेशी दुसऱ्या मादीच्या चरबीच्या गादीत एकट्या लावल्या तर वाढत नाहीत. निरोगी पेशींत मिसळून लावल्या तर त्यांच्यासोबत झाडात सामील होतात. हाक कोणती? इस्ट्रोजेनमुळे ॲम्फिरेग्युलिन बनतं, एडॅम-१७ नावाची कात्री ते पेशीच्या पृष्ठावरून सोडवते, आणि ते भोवतालच्या ऊतीतल्या ई.जी.एफ. रिसेप्टरवर बसतं. ती ऊती उलट गुलाला वाढीचे संदेश पाठवते. शिवाय पिट्युटरीचा ग्रोथ हार्मोन लागतो, तोही आय.जी.एफ.-१ या दुसऱ्या वाढीच्या रेणूमार्फत. पिट्युटरी काढली तर एकट्या इस्ट्रोजेनने गूल येत नाही. १९५८ साली सत्यब्रत नंदी यांनी बर्कलीत अंडाशय, ॲड्रिनल आणि पिट्युटरी काढलेल्या उंदरांना एकेक हार्मोन परत देऊन ही जुळणी मांडली, जनुकं हातात येण्याच्या कितीतरी आधी.

तिसरी स्लाइड पटकन. फांद्या गादीच्या कडेला पोचल्या, गुलं गेली, टोकं बोथट झाली. बाजूच्या फांद्यांची थोडीफार किरकोळ पालवी चक्राच्या टप्प्यानुसार कमी-जास्त. तुमच्या स्मिअरची नोंद इथे कामाला येते.

चौथी. बाजूच्या फांद्या दाट झाल्यात आणि त्यांना बारीक कण्या लागल्यात. पानगळीतल्या झाडाला मोहर यावा तसं. फांद्या आणि कण्यांची सुरुवात प्रोजेस्टेरॉनची. १९९५ मध्ये त्याचा रिसेप्टर काढलेल्या माद्यांत मुख्य फांद्या होत्या, मोहर नव्हता. इथेही तोच शेजारधर्म. रिसेप्टर असलेली पेशी रँकल आणि विंट-४ पाठवते, वाढते दुसरीच. रँकल म्हणजे हाडं झिजवणाऱ्या पेशी घडवणारा तोच रेणू. आईला पिल्लांसाठी हाडातलं कॅल्शियमही काढायचं असतं, तेव्हा एकाच रेणूकडे ही दोन कामं असणं मला योगायोग वाटत नाही, पण हे माझं मत.

कणीचं भरलेल्या पिशवीत रूपांतर करतं प्रोलॅक्टिन, आणि गाभणपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारा प्लॅसेंटल लॅक्टोजन त्याच रिसेप्टरवर बसतो. आत जॅक-२ हे एन्झाइम स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, स्टॅट-५ केंद्रकात जाऊन दुधाच्या प्रथिनांची जनुकं चालू करतो. स्टॅट-५ए काढलेल्या माद्या १९९७च्या, त्यांना पिल्लं होतात, पण पुरेसं दूध येत नाही. एल्फ-५ आणि गाटा-३ ही जनुकं चालवणारी प्रथिनं पेशींना "तू दूधवाली" अशी ओळख देतात.

इथे एक खोच आहे आणि तोंडी परीक्षेत ती हटकून विचारतात. प्रोलॅक्टिन रिसेप्टर पूर्ण काढलेली मादी गाभणच राहत नाही, कारण उंदरात कॉर्पस ल्युटियम, म्हणजे अंडाशयातला प्रोजेस्टेरॉन बनवणारा भाग, टिकवायलाही प्रोलॅक्टिन लागतं. मग ग्रंथीत कण्या नाहीत त्या रिसेप्टरविना, की प्रोजेस्टेरॉनविना? उत्तर द्यायला १९५९ पासूनची जुनी युक्ती वापरतात. तीन आठवड्यांच्या मादीत झुडूप लसिकाग्रंथीच्या अलीकडेच असतं, हे पहिल्या स्लाइडवर बघितलंत. तेवढा तुकडा कापून टाकला की उरते रिकामी गादी. त्यात रिसेप्टर नसलेल्या पेशी लावायच्या आणि निरोगी मादीला गाभण करायचं. हार्मोन सगळे ठीक, फक्त लावलेल्या पेशी बहिऱ्या. फांद्या येतात, भरलेल्या पिशव्या येत नाहीत. म्हणजे दोष पेशीतच. २००६ मध्ये याच रिकाम्या गादीत एकाच पेशीपासून अख्खी ग्रंथी उगवून दाखवली गेली.

पाचवी स्लाइड वाचायला सोपी, बघायला कंटाळवाणी: सगळीकडे द्राक्षांचे घड, चरबी जवळजवळ दिसतच नाही, सगळं गडद. व्यायल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि ब्रेक सुटल्यासारखं दूध भरतं. पण इथे आजीची गाय आठवा. १९९६ मध्ये ऑक्सिटोसिन नसलेल्या उंदरी तयार झाल्या. त्या गाभण राहिल्या, नीट व्याल्या, पिल्लांना जवळ घेतलं, ग्रंथीत दूधही होतं. पिल्लं एका दिवसात उपाशी मेली, पोटात दुधाचा थेंब नाही. आईला ऑक्सिटोसिन टोचलं की पिल्लांच्या पोटात दूध दिसायचं. पिशव्यांभोवतीच्या आवळणाऱ्या पेशींना इशाराच मिळत नव्हता. कास भरलेली, पान्हा नाही.

सहावी. घड कोसळलेले, चरबी परतायला लागलेली. आटण्याचा हुकूम मेंदूकडून येतो असं वाटतं, पण एका मादीची एकच ग्रंथी बंद करून बाकीच्या चालू ठेवल्या तर तेच रक्त, तेच हार्मोन असूनही बंद केलेलीच आटते. साचलेलं दूध जागच्या जागी एल.आय.एफ. हा संदेश-रेणू आणि त्यामार्फत स्टॅट-५चा भाऊबंद स्टॅट-३ जागवतं, पेशी मरायला लागतात. पहिल्या साधारण ४८ तासांत पिल्लं परत लावली तर ग्रंथी सावरते. नंतर ऊती कापणारी एन्झाइमं कामाला लागतात आणि परतीची वाट बंद.

दुसऱ्या बाजूची ग्रंथी

ती आर.एन.ए.साठी, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजायला. काढल्याबरोबर लसिकाग्रंथी खरवडून टाका, नाहीतर तुम्ही तिच्यातल्या लिम्फोसाइटांची (पांढऱ्या पेशींची) जनुकं मोजाल. मग द्रव नायट्रोजन.

आणि सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. पहिल्या स्लाइडवर लाल किती आणि चरबी किती ते बघा, मग पाचवीवर. आता त्या दोन ग्रंथींतलं बीटा-केसीन (दुधातलं एक प्रथिन) नेहमीच्या हाउसकीपिंग जनुकाशी, म्हणजे सगळ्याच पेशींत चालू असणाऱ्या जनुकाशी, तोललं तर वाढ दिसणारच. त्यातली किती पेशींनी केली आणि किती नुसत्या पेशी वाढल्यामुळे? बीटा-केसीनला हे चालून जाईल, कारण ते अफाट वाढतं. पण गाटा-३ किंवा प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर मोजताना हमखास फसाल. म्हणून केराटिन-१८ही मोजा. ते ल्युमिनल पेशींत, म्हणजे नळीच्या आतल्या थरातल्या पेशींत, असतं, चरबीत नसतं. त्याच्याशी तोललेला आकडा वेगळ्या स्तंभात लिहा आणि शेजारी त्याच मादीच्या स्लाइडचा फोटो चिकटवा. मादीचा क्रमांक दोन्हीकडे, पेन्सिलने.